आधी शेण तोला, मग खड्डा काढा

"मिस्त्री, गोबर गॅस बांधायचाय. खड्डा केवढा काढू?" असा फोन आला की मी उलटा प्रश्न करतो. रोज शेण किती पडतं? जनावरं किती, ते लगेच सांगतात. शेणाचं विचारलं की पलीकडं जरा वेळ शांतता. मग उत्तर येतं, "पडतंय की भरपूर, उकिरडा भरलाय." उकिरडा वर्षभराचा असतो. गॅसला रोजचं लागतं, आणि तेही ताजं.

मी गवंडी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यात राहतो. वडिलांच्या हाताखाली थापी धरली तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. घरं, गोठे, विहिरींची कडी सगळं बांधलं, पण गोबर गॅस बांधायची सवय लागली आणि लोक त्याच कामाला ओळखू लागले. दीडशेच्या वर घुमट या हातांनी उभे केले. त्यातले काही आज बंद आहेत. बांधकाम फुटलं म्हणून बंद पडलेले एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. बाकीचे सगळे आकाराच्या हौसेपायी बंद पडले. म्हशी तीन, आणि गॅस चार घनमीटरचा, म्हणजे रोज चार घनमीटर गॅस देईल एवढा. का, तर शेजाऱ्याचा तीनचा होता.

म्हणून हे लिहायला बसलो. वाचणाऱ्यानं गवंडी व्हावं असं नाही. पण गवंडी दारात आला की त्याच्याकडून काय करून घ्यायचं आणि तो गेल्यावर आपण काय करायचं, एवढं कळलं तरी पुरे.

शेणाचा हिशेब

सात दिवस सकाळ-संध्याकाळ गोठ्यातलं शेण बुट्टीत भरा, ताणकाट्याला अडकवा आणि वहीत लिहा. बुट्टीचं वजन वजा करायला विसरू नका. सात दिवसांची बेरीज, भागिले सात. मनातले आकडे वेगळे असतात आणि काट्यावरचे वेगळे, हे मी प्रत्येक घरात बघितलंय.

ढोबळ अंदाज असा. गावठी गाय दिवसाला ८ ते १० किलो, म्हैस १५ किलोच्या आसपास, दावणीला बांधून खाणारी संकरित गाय म्हशीइतकं किंवा थोडं जास्तच. पण जनावरं चरायला माळावर जात असतील तर निम्मं शेण माळावरच राहतं, ते हिशेबात धरायचं नाही. शिवाय घरात शेणी थापायच्या असतील, अंगण सारवायचं असेल तर तेवढं आधी बाजूला काढा. वहिनींना विचारून काढा. त्यांनी ठेवलेल्या वाट्यात दादांनी परस्पर हात घातला की गॅस पहिल्याच महिन्यात उपाशी राहतो.

एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. म्हणजे २५ किलोला एक घनमीटर, ५० किलोला दोन. घरातली एक शेगडी तासाला साडेचारशे लिटरच्या आसपास गॅस खाते. दोन घनमीटरचा गॅस म्हणजे एक शेगडी दिवसातून सव्वाचार-साडेचार तास. पाच-सहा माणसांच्या घरात दोन वेळचं जेवण, चहा आणि भाकऱ्या यात बसतात. अंघोळीचं पाणी बसत नाही. त्याला बंब राहू द्या.

सिलिंडरशी तुलना सगळेच विचारतात. एक घनमीटर गोबर गॅस म्हणजे साधारण ०.४३ किलो सिलिंडरचा गॅस. दोन घनमीटरच्या गॅसवर महिन्याला २५ किलोची बचत, म्हणजे कागदावर पावणेदोन सिलिंडर. प्रत्यक्षात थंडीचे दिवस, पाहुणे आणि आळस धरून सव्वा सिलिंडर वाचला तरी मी त्याला चांगला चाललेला गॅस म्हणतो.

शेण कमी आणि टाकी मोठी केली तर काय बिघडतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. मी बांधतो त्या दीनबंधू नमुन्यात, म्हणजे जमिनीखालच्या विटांच्या घुमटात, गॅस वर साठतो आणि खालची रबडी, म्हणजे शेण-पाण्याचं कालवण, आउटलेटच्या (बाहेर पडायच्या) टाकीत वर ढकलतो. त्या वर चढलेल्या रबडीच्या वजनानंच गॅस शेगडीपर्यंत जातो. मोठ्या घुमटात थोडा गॅस पसरला की रबडी वर चढतच नाही. गॅस आहे पण दाब नाही. शेगडी पेटते, भाकरी भाजत नाही. वरून रबडीवर साय धरते, ती वाळून पापुद्रा होतो आणि खालचा गॅसही अडतो. उलट शेण ७५ किलो आणि टाकी दोनची असेल तर कच्चं शेण पचायच्या आतच बाहेर पडतं. तेही वाया. दोन्हींपैकी एक चूक करायचीच असेल तर टाकी लहान बांधा. लहान टाकी निदान चालते.

कुठला नमुना

आमच्या वडिलांच्या काळात लोखंडी टाकीचा गोबर गॅस असे. खादी ग्रामोद्योगाचा तो नमुना, विहिरीसारखा गोल हौद आणि त्यावर वर-खाली होणारी लोखंडी टाकी. गॅस किती आहे ते लांबून दिसायचं, ही त्याची मोठी सोय. पण आमच्याकडच्या पावसात टाकीला गंज लागायचा आणि दरवर्षी रंग काढायला लागायचा. ज्यानं काढला नाही त्याच्या टाकीला पाच-सात वर्षांत भोकं.

१९८४ साली अॅफप्रो या संस्थेनं दीनबंधू नमुना आणला. विटांचा घुमट, सगळा जमिनीखाली, लोखंड जवळजवळ नाही, हलणारा भाग एकही नाही. मी हाच बांधतो. हल्ली तयार फायबरच्या टाक्या आणि जाड कापडी फुगेही मिळतात. एका दिवसात बसतात. ज्याच्याकडं खड्डा काढायला जागा नाही, किंवा खाली कातळ लागतो, त्यानं ते जरूर बघावेत. फुग्याला ऊन, उंदीर आणि म्हशीचं शिंग ही तीन दुखणी आहेत, एवढं लक्षात ठेवा.

अनुदान घ्यायचं असेल तर पंचायत समितीत आधी जाऊन या. खड्डा काढून मग अर्ज करणाऱ्यांना मी हेलपाटे घालताना बघितलंय.

जागा

गोठ्याजवळ की स्वयंपाकघराजवळ? यावर घरोघरी वाद होतो. मी गोठ्याच्या बाजूनं. गॅस नळीतून आपल्या पायानं चालत जातो, शेण कुणाच्या तरी डोक्यावरून जातं, आणि ते डोकं बहुतेक वेळा घरातल्या बाईचं असतं. वीस पावलांनी बुट्टी वाढली की चौथ्या महिन्यात कंटाळा येतो. नळी मात्र ६०-७० फुटांच्या पुढं शक्यतो नेऊ नये, दाब मरतो.

ऊन दिवसभर पडलं पाहिजे. विहीर किंवा बोअर ५० फूट तरी लांब हवी. जवळ फणस, आंबा, वड नको, मुळं विटांचे सांधे उचकटतात. आणि आमच्याकडं एक गोष्ट फार महत्त्वाची : पावसाळ्यात पाणी किती वर येतं ते बघा. जुलैत जिथं दोन फुटांवर पाणी लागतं तिथं रिकामी टाकी खालच्या पाण्याच्या रेट्यानं वर उचलली जाऊ शकते. काम मार्च ते मे या महिन्यांत उरका. जूनच्या तोंडावर खड्डा काढून ठेवलेला आणि कडा ढासळून निम्मा भरलेला, असं एकदा माझ्याच कामावर झालंय. माती काढायचे पैसे दोनदा गेले, आणि दुसऱ्यांदाचे माझ्या खिशातून.

घुमट

दोन घनमीटरच्या गॅसला आतला व्यास साडेआठ फुटांच्या आसपास येतो. का, तर रोज ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी मिळून शंभरेक लिटर रबडी, ती आत ४० दिवस राहायची, म्हणजे चार हजार लिटरची जागा आणि वर गॅसला थोडी. खड्डा बांधकामाला जागा धरून दहा फुटी लागतो. नेमकी मापं नकाशावरूनच घ्या. नकाशा नसलेला गवंडी "मला पाठ आहे" म्हणाला तर त्यानं बांधलेला आणि चालू असलेला एक गॅस आधी बघून या.

खड्ड्याचा तळ सपाट नसतो, कढईसारखा खोलगट असतो. त्यावर काँक्रीट. साहित्य म्हणाल तर हजारेक विटा, चौदा-पंधरा पोती सिमेंट, वाळू, खडी, सहा इंची पाइप, थोडी सळी आउटलेटच्या झाकणाला. विटेत पैसे वाचवू नका. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज आला पाहिजे, आणि पाण्यात टाकली तर विरघळता कामा नये. लावायच्या आधी विटा भिजवून घ्या. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि सांधा पावडर होतो.

घुमट बांधताना खाली फळ्या नाहीत, टेकू नाही. हे बघायला गावातली पोरं जमतात. तळाच्या मधोमध एक खुंटी ठोकायची, तिला दोरी बांधायची. दोरीच्या टोकाला गाठ. प्रत्येक वीट लावताना ती गाठ विटेच्या आतल्या कडेला टेकली पाहिजे, बस. वीट कडेवर उभी लावायची, तीन इंची जाडी. पहिले चार-पाच थर सोपे, विटा जवळजवळ उभ्याच असतात. पुढं वीट आत झुकायला लागते. मग सळीचा आकडा करून एका टोकाला दगड लोंबता ठेवायचा आणि दुसरं टोक विटेच्या कडेला अडकवायचं. दगडाच्या वजनानं वीट मागं धरली जाते. थराचं कडं पूर्ण होऊन शेवटची वीट पाचरीसारखी बसली की आकडे काढून घ्यायचे. कडं पूर्ण झालं की विटा एकमेकींना धरतात, वरून माणूस उभा राहिला तरी पडत नाहीत. वडील शेवटची वीट बसवताना बोलायचे नाहीत. मीही बोलत नाही. विचारलं तर कारण सांगता येणार नाही.

माल एकास तीन, म्हणजे एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू. सांध्यात पोकळी राहता कामा नये. पाणी झिरपलं तर थोडं चालतं, पण गॅस पाण्यापेक्षा बारीक वाटेनं जातो. आतून गिलावा दोन हातांचा, पहिला वाळायच्या आत दुसरा नाही. वर सिमेंटचा घोटून काढलेला साज, आणि तो सुकल्यावर घुमटाच्या आतल्या भागाला काळ्या इनॅमल रंगाचे दोन हात. हा रंग शोभेचा नव्हे, गॅस अडवायला असतो. घरमालक नेमका इथं म्हणतो, "आत कोण बघतंय?" त्याला सांगा, गॅस बघतोय.

घुमटाच्या डोक्यावर गॅसचा लोखंडी पाइप बसतो. त्याच्या बुडाशी काँक्रीटची जाड कॉलर करून घ्या. निम्म्याहून जास्त गळत्या मी तिथंच पकडल्यात, कारण पुढं कुणी ना कुणी त्या पाइपाला दोरी बांधतं, आणि दोरीला शेळी.

बाहेरून माती भरणं हे गवंड्याचं काम नव्हे असं समजून ते शेवटी पोरांवर सोपवतात. माझ्या एका कामावर मालकानं जेसीबी आणून एका बाजूनं बकेटभर माती एकदम ओतली. घुमटाला केसाएवढी चीर गेली. ती दिसली नाही, गॅस भरल्यावर कळली. माती चारी बाजूंनी सारखी, अर्धा-अर्धा फुटाचा थर, पाणी मारून, चोपून भरायची. घुमटावरही फूटभर माती हवी. तिचं वजन आतल्या दाबाला धरून ठेवतं आणि थंडीत पांघरुणाचं काम करतं.

शेण कालवायच्या कुंडीचा तळ पाइपाच्या तोंडाकडं उतरता करू नका. उलट्या बाजूला हलका उतार द्या. वाळू, खडे, दावणीतली माती त्या कोपऱ्यात बसते आणि टाकीत जात नाही. पाइपाला लाकडी गुडदी, म्हणजे बूच, करून घ्या. हा इनलेटचा (शेण आत जायचा) पाइप सरळ असावा, पुढं अडलं तर बांबू घालून ढोसता आलं पाहिजे.

पाणी भरून बघणं

बांधकामाला निदान पंधरा दिवस पाणी मारा. मग टाकी आउटलेटच्या टाकीच्या तळापर्यंत पाण्यानं भरा आणि तीन-चार दिवस सोडा. विटा पाणी पितात, पातळी थोडी उतरते, पुन्हा भरा. पातळी थांबली की खालचा भाग पक्का. आता वरचा कॉक बंद करा आणि आणखी पाणी ओता. घुमटातली हवा कोंडली जाते. कॉकच्या पुढं पारदर्शक नळीचा इंग्रजी यू करून त्यात रंगीत पाणी घाला आणि कॉक उघडा. नळीच्या दोन बाजूंच्या पाण्यात जे अंतर पडेल तिथं खूण करून रात्रभर ठेवा. सकाळी अंतर बरंच कमी झालं असेल तर सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडा आला तिथं गळती. जोड चांगले असतील तर घुमट. मिस्त्रीचे शेवटचे पैसे या सकाळनंतर द्या. माझेसुद्धा.

पहिलं भरण

चार हजार लिटर रबडी म्हणजे दोन टन शेण. तुमचं रोजचं ५० किलो, म्हणजे ४० दिवस लागतील. एवढं थांबायचं नसेल तर भावकीतून, शेजारून गोळा करा. सावलीत ढीग करा, पाणी शिंपडत ओलं ठेवा, आठ-दहा दिवसांपेक्षा जुनं नको. वाळलेलं शेण कामाचं नाही. शेणाइतकंच पाणी घालून कालवा आणि आउटलेटच्या टाकीच्या तळापर्यंत भरा. भरताना वरचा कॉक उघडा असू दे.

चालू असलेल्या गोबर गॅसमधून दहा-पंधरा बादल्या रबडी आणून यात घाला. दह्याला विरजण लागतं तसं. गॅस तयार करणारे जंतू गाईच्या पोटातूनच शेणाबरोबर येतात, त्यांना हवा सोसत नाही आणि ऊब लागते. विरजण असलं की ते लवकर जम धरतात.

मग कॉक बंद करा आणि थांबा. उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे, थंडीत महिना-दीड महिना. या काळात रोज शेण घालायची घाई नको. पहिला गॅस आला की आनंदानं काडी ओढू नका. त्यात हवा आणि कार्बन डायऑक्साइड जास्त, तो पेटत नाही, आणि हवा मिसळलेला मिथेन धोक्याचा असतो. पहिले दोन-तीन भराव मोकळ्यावर सोडून द्या, जवळ विडी-काडी काही नको. पेटवून बघायचं ते फक्त शेगडीवर. टाकीच्या पाइपाच्या तोंडाशी कधीही नाही, दहा वर्षांनीही नाही.

निळी ज्योत लागली की खोबरं-गूळ वाटतात आमच्याकडं. मिस्त्रीला टोपी-टॉवेल.

रोजचं

सकाळी शेण कुंडीत टाका, तेवढंच पाणी घाला, हातानं कालवा. हो, हातानं. गुठळी बोटालाच कळते. वैरणीच्या काड्या, दोऱ्या, खडे काढा. रबडी पातळ भाकरीच्या पिठासारखी नव्हे, घावनाच्या पिठासारखी हवी. गुडदी काढा, आत जाऊ द्या, गुडदी लावा. दहा मिनिटांचं काम आहे.

गोठा धुतलेलं पाणी चालतं, पण फिनेल किंवा साबणाचं अजिबात नाही. जनावराला अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू असतील तर त्याचं शेण आठवडाभर बाजूला ठेवा. जे औषध जनावराच्या पोटातले जंतू मारतं ते टाकीतलेही मारतं. उरलेला भात, भाकरीचे तुकडे, भाजीचे देठ शेणाबरोबर मूठ-दोन मुठी चालतात, उलट गॅस वाढतो. पण लग्नाचं उरलेलं जेवण दोन पातेली एकदम ओतलं तर टाकी आंबते. लिंबू-मोसंबीच्या साली तर नकोच.

डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडं सकाळी धुकं असतं आणि गॅस निम्म्यावर येतो. बिघाड नाही तो, थंडी आहे. घुमटावरच्या मातीवर उसाचं पाचट किंवा पिंजार जाड पसरा, आणि कालवायचं पाणी रात्रीचं गार वापरण्यापेक्षा दुपारी उन्हात तापलेलं वापरा. म्हणजे थंडीत भरण सकाळी न करता दुपारी करा. एवढ्यानं फरक पडतो.

"मिस्त्री, भाकरी फुगंना"

एका मावशींचा फोन. "मिस्त्री, गॅस येतोय बगा, पर भाकरी फुगंना. तव्याच्या बुडाला काजळी धरतीया." गेलो. ज्योत पिवळी, लांब, नाचरी. मी खाली वाकून शेगडीच्या हवेच्या झडपेकडं बघितलं, ती झुरळानं आणि तेलकट धुळीनं बुजलेली. जुन्या दात घासायच्या ब्रशनं साफ केली, झडप थोडी फिरवली. ज्योत आखडून निळी झाली. मावशींनी तिथंच परातीत पीठ घेतलं आणि भाकरी थापली. ती टम्म फुगल्यावरच मला जाऊ दिलं, तीही खायला घालून.

ज्योत फुरफुरते, विझते, पुन्हा लागते, हा वेगळा आजार. नळीत पाणी साठलंय. गॅस टाकीतून गरम, ओलसर निघतो, नळीत गार होतो आणि पाणी सुटतं. म्हणून नळी बसवतानाच टाकीकडं उतार द्यायचा, म्हणजे पाणी मागं जातं. मध्ये जिथं नळी खाली वाकते तिथं पाणी काढायचा कॉक बसवा आणि आठवड्याला उघडा. वाळत घातलेल्या कपड्यांच्या वजनानं नळीला झोळ पडला आणि पाणी साठलं, असं तीन घरी बघितलंय. नळीवर कपडे नकोत.

सिलिंडरची शेगडी गोबर गॅसला जशीच्या तशी चालत नाही. तिच्या तोटीचं भोक बारीक असतं, सिलिंडरचा दाब जास्त आणि गॅस कसदार. गोबर गॅसमध्ये मिथेन ५५ ते ६० टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, त्यामुळं मोठं भोक लागतं. गोबर गॅसची शिक्क्याची शेगडी मिळते, तीच घ्या. ड्रिलनं भोक मोठं करून देणारे हुशार प्रत्येक बाजारात असतात. त्यांच्या घरी मात्र सिलिंडरच असतो.

गॅस भरपूर होतोय, बुडबुडे येतायत, पण पेटत नाही आणि आउटलेटला आंबूस वास येतोय, तर टाकी आंबट झाली. भरण पूर्ण थांबवा. आठ-दहा दिवस काही घालू नका. नंतर चुन्याची निवळी थोडी-थोडी शेणात मिसळून द्या आणि निम्म्या भरणानं पुन्हा सुरू करा. घाई केली की पुन्हा तेच.

आत उतरू नका

हे मोठ्या आवाजात वाचा. जुना गोबर गॅस साफ करायला माणूस आत उतरवायचा नाही. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड प्राणवायूची जागा घेतात, आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो. वास येत नाही म्हणजे गॅस नाही, असं नव्हे. माझा एक गडी रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत गुडघ्याएवढ्या गाळात उतरला आणि दोन मिनिटांत खाली बसला. कमरेला दोर होता आणि वर आम्ही तिघं होतो म्हणून ओढून काढला. दोर बांधायला तो तयार नव्हता, "कशाला मिस्त्री, बाईसारखं?" म्हणत होता. गाळ ढवळला की त्यात अडकलेला गॅस सुटतो, म्हणून वरून मोकळी वाटलेली टाकी आत पाय पडताच भरते.

गाळ उपसायचा तर पंपानं. उतरणं टळतच नसेल तर वरचा पाइप काढून, झाकणं उघडून, पंख्यानं हवा मारत दोन-चार दिवस मोकळी ठेवा, दोर आणि वर माणसं हवीत, आणि पहिला माणूस कोसळला तर दुसऱ्यानं त्याला काढायला उडी मारायची नाही. बहुतेक ठिकाणी दुसरा तसाच जातो. आउटलेटवरचं झाकण लहान पोरं आणि वासरांसाठी कायम लावलेलं असावं.

संडास जोडायचा का?

जोडता येतो. फक्त वेगळ्या पाइपानं, आणि संडास धुवायला ॲसिड-फिनेल बंद. अडचण गवंडीकामाची नसते, मनाची असते. देहूचे डॉ. सुहास मापुसकर यांनी त्यासाठी मलप्रभा नावाचा नमुना केला आणि तो घरोघरी पोचावा म्हणून आयुष्य घातलं. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आमच्या भागात मी विचारलं की दादा तयार असतात, आजी नसते. एका घरी आजीनं सहा महिने चूल वेगळी ठेवली. पावसाळ्यात जळण ओलं झालं आणि डोळे चुरचुरायला लागले तेव्हा गुपचूप शेगडीवर चहा ठेवला. सुनेनं बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. संडास जोडलेल्या गॅसची स्लरी, म्हणजे आउटलेटमधून बाहेर पडलेली रबडी, पालेभाजीवर थेट घालू नका, खड्ड्यात मुरवून मगच.

स्लरी

पुष्कळ जण गॅससाठी बांधतात आणि स्लरी गटारात सोडतात. मी तर म्हणतो गॅस वरकड आहे, खरं उत्पन्न आउटलेटला पडतं. शेणातला नत्र गॅसमध्ये जात नाही, जवळजवळ सगळा रबडीत राहतो, तणाचं बी बरंचसं मरतं, आणि माश्या बसत नाहीत.

पण ती उन्हात वाळवली की नत्राचा मोठा वाटा अमोनिया होऊन उडतो. आउटलेटपाशी दोन खड्डे घ्या, वर सावली करा. खड्ड्यात उसाचं पाचट फूटभर टाका, त्यावर स्लरी जाऊ द्या, पुन्हा पाचट. जे पाचट लोक जाळतात ते इथं स्लरी पिऊन दोन-अडीच महिन्यांत काळं, भुसभुशीत होतं. एक खड्डा भरला की आउटलेटची पन्हाळ दुसऱ्याकडं वळवा. पातळ स्लरी उभ्या उसाला पाटाच्या पाण्यातून देता येते, पण गाळून, नाहीतर पाट तुंबतो. ठिबकला घालायचा विचार करू नका. एका पाहुण्यानं घातली. त्याच्या नळ्या आता आमच्या गोठ्यात दावं म्हणून वापरतोय.